लेकीचा रिपोर्ट

माझी बायको वारली तेव्हा ती स्वयंपाकघरात डोक्याला तेल थापून कोथिंबीर निवडत बसली होती.

शनिवारची दुपार होती. मी नुकताच कामावरून येऊन बाथरूममध्ये पाय धूत होतो. बेल वाजली, तिने जाऊन दार उघडलं, आणि दारात उभ्या असलेल्या, लेकीच्या शाळेतल्या तीन शिक्षिकांपैकी मधलीने अशी किंकाळी फोडली की समोरच्या फ्लॅटमधला कुत्रा पुढचा अर्धा तास भुंकत होता. मी ओल्या पायांनी धावत आलो. किंकाळीवाली भिंतीला टेकली होती, दुसरी भराभर क्रुसाची खूण करत होती, आणि तिसरीच्या हातात पिठलं-भाताचा डबा होता. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणलेला.

"तुम्ही कोण?" डबेवालीने माझ्या बायकोला विचारलं.

"मी तिची आई."

डबेवालीने माझ्याकडे पाहिलं. "एवढ्यात?" ती म्हणाली.

हळूहळू उलगडा झाला. आमची एकुलती एक लेक तेव्हा सहा वर्षांची होती, पहिलीत. गुरुवारी वर्गात तिने उभं राहून सांगितलं होतं की माझी आई वारली. आधी तिला ताप आला, मग ती पांढरी पडली, मग बाबाने तिला फुलं घातली आणि मला शेजारच्या काकूंकडे पाठवलं, पण मी खिडकीतून सगळं पाहिलं. हे सांगताना ती इतकी सुंदर रडली होती की वर्गशिक्षिकेला पुढचा तास घेववला नाही. वर्गाने डोळे मिटून प्रार्थना केली. तिला गृहपाठ माफ झाला आणि शुक्रवारी डब्याच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून तिला आपापल्या घरचं खायला दिलं. त्या दिवशी ती घरी आल्यावर "आज भूक नाही" म्हणाली होती, ते का ते मला आत्ता कळलं.

शिक्षिका गेल्या. जाताना डबा ठेवून गेल्या, परत न्यायचं त्यांना सुचलंच नाही. लेक बिछान्यावर बसून चित्र रंगवत होती.

"तू असं का सांगितलंस?"

"टीचरने विचारलं कुणाकडे काय नवीन. एकीचा मामा दुबईहून आला. एकीला बहीण झाली. आपल्याकडे काहीच झालं नव्हतं."

"पण आईला किती वाईट वाटलं असेल!"

तिने आईकडे नीट पाहिलं. "पण आई तर आहे," ती म्हणाली. "मग वाईट कशाचं?"

बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. मला वाटलं रडायला गेली. मागोमाग गेलो तर ती ओट्याला धरून हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "एवढ्यात म्हणे, एवढ्यात," एवढंच तिला बोलता येत होतं. आम्ही तो पिठलं-भात जेवलो. पिठलं छान होतं.

मी मात्र हसू शकलो नाही. त्याला माझा धंदा कारण आहे. माणिकपूरला स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. सकाळी सहाला लॅब उघडतो, दुपारी दोनला सुटतो. बायको अंधेरीला नोकरी करते, त्यामुळे दुपारनंतर लेक माझ्या ताब्यात असते. वीस वर्षं लोकांचं रक्त तपासून माझी अशी खात्री झालेली आहे की दुखणं वेळेत कळलं तर निम्मं काम झालं. साखर वाढतेय हे आधी कळलं तर पाय वाचतो. तेव्हा लेकीत काही वाढत असेल तर तेही आधीच कळायला हवं, असं माझ्या डोक्यात बसलं.

सोमवारी दुपारी मी फोन उघडला आणि शोधायला लागलो. तासाभरात मला ती यादी सापडली. वरवरचा गोडवा. सराईत खोटं बोलणं. केल्याचा पश्चात्ताप नाही. शिक्षेची भीती नाही. दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटत नाही. एकेका ओळीला मी मनात बरोबरची खूण करत गेलो. गोडवा? आमच्या इमारतीतला वॉचमन तिला सलाम करायचा आणि ती तो घ्यायची. भीती? एकदा गच्चीच्या कठड्यावर बसलेली सापडली होती, खाली पाय सोडून. खोट्याचा तर प्रश्नच मिटला होता. यादीच्या शेवटी मोठ्या अक्षरांत तो शब्द होता. सायकोपॅथ. समोर जमिनीवर ती वाटीतले मुरमुरे मुंग्यांना वाटत होती, पण सगळ्यांना नाही. रांगेत नीट चालणाऱ्यांनाच.

मी एक वही केली. लॅबमध्ये नोंदी ठेवतो तशा तारीखवार नोंदी ठेवायला लागलो. "सकाळी ७.१०. दूध सांडलं. मांजराचं नाव घेतलं. आपल्याकडे मांजर नाही." नुसत्या नोंदी पुरेनात तेव्हा चाचण्या सुरू केल्या. पहिली चाचणी अशी, की मी कपाटाच्या कोपऱ्याला पायाचा अंगठा आपटल्यासारखं केलं आणि विव्हळत खाली बसलो. ती येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, हे खोटं आहे."

"नाही गं, फार दुखतंय."

"तू फटीतून बघतोयस मी काय करते ते." मग जरा दया आल्यासारखी माझ्या बाजूला बसली. "श्वास आधी आत घ्यायचा. मग थोडा थोडा सोडायचा. डोळे मिटायचे नाहीत, नाहीतर पाणी येत नाही. बघ." दहा आकडे मोजायच्या आत तिच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि एक थेंब गालावर आला. मी नकळत टाळ्या वाजवल्या. मग आपण कशाला टाळ्या वाजवतोय ते लक्षात येऊन हात मागे लपवले.

बायकोने वही वाचली आणि माझ्या आईला सातारला फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून म्हणाली, "आई, हे सहा-सात वर्षांचे असताना कसे होते हो?"

"देवमाणूस," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "म्हणजे शेजारच्यांचं मांजर टोपलीत घालून आडात सोडायचा, परत वर ओढायचा, परत सोडायचा. लिफ्ट म्हणायचा त्याला. बाकी काही नाही."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. यादी पुन्हा काढून मी स्वतःला लावून पाहिली आणि घाबरून फोन पालथा ठेवला.

हे सगळं इथवर हसण्यावारी गेलं असतं. ऑक्टोबरात जवळच्या गिरीज गावात जे झालं त्याने मात्र बायकोचंही हसू थांबलं.

आमच्या लॅबच्या काउंटरवर एक बाई बसतात. वयाने माझ्याहून मोठ्या, मूळच्या गिरीजच्या. त्यांच्या आईला ऐंशी वर्षं झाली म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना रविवारी घरी जेवायला बोलावलं होतं. घर वाडीत, भोवती केळीच केळी, आणि वाडीच्या टोकाला बावखल. म्हणजे वाडीला पाणी द्यायला पूर्वी खोदलेलं तळं. पावसाळा नुकताच संपलेला, त्यामुळे ते काठोकाठ भरलेलं. आम्ही ओसरीवर बसून पोटभर जेवलो. आमची लेक आणि बाईंची पाच वर्षांची नात केळीत खेळत होत्या. थोड्या वेळाने खेळण्याचा आवाज बंद झाला. आमच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. बाईंच्या आईच्या आलं. ती म्हातारी अर्धवट ऐकू येणारी, पण शांतता तिला बरोबर ऐकू आली. ती आपल्या बोलीत काहीतरी ओरडली, आणि बाई खरकट्या हातानेच धावत सुटल्या.

मी पोचलो तेव्हा बाई साडीसकट छातीभर पाण्यात होत्या आणि नातीला काखेतून उचलत होत्या. नात खोकत होती. काठावर आमची लेक उकिडवी बसली होती, दोन्ही हातांच्या ओंजळीत हनुवटी ठेवून.

"काय केलंस तू?"

"मी तिला सांगितलं सरळ चालत गेलं की तरंगता येतं. मला बघायचं होतं येतं का."

मी तिला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. जोरात, गालावर. ती रडली नाही. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, तुझा हात लाल झाला."

बाईंनी आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही. नातीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि उलट मलाच म्हणाल्या, "सर, पाणी प्या तुम्ही. तुमचा चेहरा बघा कसा झालाय." परत येताना रिक्षात लेक बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत होती, नव्यानेच वाचायला शिकली होती ती.

पुढच्याच आठवड्यात आम्ही मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. साठीच्या पुढच्या डॉक्टरबाई, चष्मा दोरीने गळ्यात, दवाखाना एका भांड्यांच्या दुकानाच्या वर. दोन तास थांबावं लागलं. तेवढ्यात लेकीने रिसेप्शनवरच्या मुलीला तिच्या ओढणीचा रंग किती छान आहे ते सांगून आमचा नंबर दोन माणसं पुढे आणला. मी वहीत नोंद केली.

आत गेल्यावर डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सापशिडीचा पट काढला आणि लेकीला समोर बसवलं. तिसऱ्या डावात लेकीने फासा बोटाने हळूच वळवून पाचाचे सहा केले. डॉक्टरांनी पाहिलं आणि आपल्या पाळीला सोंगटी उचलून थेट नव्वदच्या घरात ठेवली.

लेक थक्क झाली. "आजी, असं करायचं नसतं!"

"का गं?"

"ही चीटिंग आहे!"

"हो का? मला वाटलं आज चीटिंगचा खेळ चाललाय."

लेकीने त्यांच्याकडे इतक्या आदराने पाहिलं की तिने आजवर कधी तसं कुणाकडे पाहिलेलं मला आठवत नाही. मग दोघी खो खो हसत सुटल्या. त्यानंतरचा डाव सरळ खेळल्या आणि लेक हरली.

तिला बाहेर बसवून डॉक्टरांनी माझ्या हातातल्या वहीसाठी हात पुढे केला. मी वही दिली. त्या वाचायला लागल्या. मांजराच्या पानावर हसल्या, अंगठ्याच्या पानावर चष्मा काढून डोळे पुसले. "बाबा, तुम्हाला रडायला शिकवलं तिने?" मग बावखलाचं पान आलं आणि त्या हसायच्या थांबल्या. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"डॉक्टर, स्पष्ट सांगा," मी म्हणालो. "ती सायकोपॅथ आहे का?"

"हा शब्द मोठ्या माणसांसाठी आहे. सहा वर्षांच्या मुलीला आम्ही तो लावत नाही. आणि जो लावेल त्याच्याकडे तिला नेऊ नका."

"पण लवकर कळलं तर बरं ना? आमच्याकडे लॅबमध्ये..."

"लवकर कळलेलं बरंच. म्हणून तर तुम्ही आलात ते चांगलं केलंत. पण तुम्ही रक्त तपासता तेव्हा त्या रक्ताला कळत नाही की आपल्याला तपासताहेत. हिला कळतं. तुम्ही वही घेऊन मागे फिरताय, दारं बंद करून बोलताय, हे सगळं ती बघतेय. आणि एकदा का नाव ठेवलं की शाळेत ठेवतील, इमारतीत ठेवतील, आणि मग कुणाची साधी पेन्सिल हरवली तरी चोर हीच ठरेल."

"म्हणजे तिला काही नाही?" बायकोने विचारलं.

"तसंही मी म्हणत नाही. काही मुलांना भीती कमी वाटते. दुसऱ्याचं दुखणं त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतं, किंवा नीट पोचत नाही. त्यातली बरीच मुलं पुढे ठीक होतात. काही होत नाहीत. तुमची कुठल्यात जाईल हे मला आज सांगता येणार नाही, आणि कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. खोटं बोलणं, फासा वळवणं, ते मी सोडून देते. पाण्याचं सोडत नाही. दर पंधरा दिवसांनी तिला घेऊन या."

मग त्यांनी करायचं काय ते सांगितलं. अशा मुलांना मार आणि शिक्षा लागू पडत नाही, तेव्हा ती बंद. चांगलं काही केलं की लगेच, त्याच क्षणी कौतुक. आणि रोज दहा मिनिटं आई-बाबांनी तिच्याबरोबर खेळायचं, ती म्हणेल तो खेळ, शिकवायचं नाही, ओरडायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, तिच्याकडे प्रेमाने बघायचं. "आणि बाबा, चाचण्या बंद," त्या म्हणाल्या. वही त्यांनी परत दिली नाही. खणात टाकली.

मी औषधाच्या चिठ्ठीच्या तयारीने गेलो होतो आणि हातात दहा मिनिटांचा खेळ घेऊन उतरलो.

लेकीने निवडलेला पहिला खेळ होता मयत-मयत. मी मेलेला. रोज दुपारी साडेतीनला मी हॉलमध्ये फरशीवर आडवा पडायचो आणि ती माझ्यावर चादर टाकून, नाकात कापूस घालून, आलेल्या पाहुण्यांना माझ्याबद्दल सांगायची. पाहुणे म्हणजे उशा. "फार चांगला होता. भाजीत मीठ जास्त घालायचा, पण चांगला होता." प्रश्न विचारायला मनाई, हसायला मनाई नव्हती हे नशीब, पण मेलेल्या माणसाला हसता येत नाही. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू मेंटेनन्सचं काहीतरी विचारायला आल्या. दार उघडंच होतं. लेकीने त्यांना पाहून ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "काकू, चप्पल बाहेर काढा, बाबा गेले." काकूंनी भिंत धरली. मी चादरीतून हात बाहेर काढून हलवला, त्याने तर त्या जिन्यावरच बसल्या.

पण त्या दहा मिनिटांत काहीतरी होत होतं. तिसऱ्या आठवड्यात तिने खेळ मध्येच थांबवला, माझ्या नाकातला कापूस काढला आणि म्हणाली, "बाबा, आता तू जिवंत हो. मला कंटाळा आला तू नसल्याचा." मी उठून बसलो. काही विचारायची सोय नव्हती, नियम होता, म्हणून मी नुसता तिच्याकडे बघत बसलो.

कौतुकासाठी भिंतीवर तक्ता लावला होता. चांगलं काही केलं की एक चांदणी. तिने दोन दिवसांत त्याची मेख ओळखली. पहिल्या मजल्यावरचे आजोबा गेटाबाहेर भाजीवाल्याची वाट बघत उभे होते, त्यांना हाताला धरून तिने रस्त्यापलीकडे नेलं आणि चांदणी मागायला वर आली. आजोबा पलीकडून हाका मारत होते. वॉचमनने त्यांना परत आणलं, तेव्हा तिने आणण्याबद्दलही चांदणी मागितली. मी डॉक्टरांना तक्रार केली.

"ती चांदणीसाठी करतेय, मनापासून नाही."

"करू दे," त्या म्हणाल्या. "आधी हाताला सवय लागते. मन मागून येतं. तुमचं तरी सगळं मनापासून असतं का?"

डिसेंबरात डॉक्टर म्हणाल्या की गिरीजच्या त्या मुलीला भेटायला हिला घेऊन जा, पण सॉरी म्हणायला लावू नका. नुसती भेट. मला लाज वाटत होती. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "या की. पोरीनेच दोनदा विचारलं, ती दीदी कधी येणार."

आम्ही गेलो. या वेळी आम्ही दोघं, बाई आणि त्यांची आई, अशी चौघंही मोठी माणसं त्या दोघींपासून दहा पावलांवर, केळीच्या बुंध्यांआडून मान वर काढून बसलो होतो. दोघी ओसरीच्या पायरीवर बसल्या. मग आमच्या लेकीने विचारलं, "पाण्यात काय झालं होतं तुला?"

"पाय खाली लागेना," ती मुलगी म्हणाली. "मग पाणी नाकात गेलं. मी तुझ्याकडे बघितलं, तर तू काही केलंच नाहीस."

परत येताना रिक्षात लेक आमच्या दोघांच्या मधे होती. माणिकपूरच्या जवळ आल्यावर म्हणाली, "बाबा, तिने माझ्याकडे बघितलं ना, तेव्हा मला वाटलं ती हसतेय."

"हसतेय?"

"तिचं तोंड उघडं होतं. डोळे मोठ्ठे होते. मला वाटलं तिला मज्जा येतेय."

बायकोने माझा हात घट्ट धरला. दोन महिने मी ज्याला दुष्टपणा म्हणून रोज मनात उलटसुलट करत होतो, ते सगळं त्या एका वाक्यात वेगळंच होऊन बसलं. सगळं सुटलं असं नाही. तिने त्या मुलीला पाण्यात पाठवलं होतंच. पण काठावर बसून ती जे बघत होती ते आम्ही समजत होतो ते नव्हतं.

डॉक्टरांनी हे ऐकल्यावर कपाटातून फोटोंचा गठ्ठा काढला. नुसते चेहरे. लेकीने भराभर सांगितलं. हा हसतोय. ही रागावलीय. ह्याला रडू येतंय. ह्याला वास आला. मग एक घाबरलेला चेहरा आला आणि ती अडखळली. "हिला... गिफ्ट मिळालं?" दुसरा घाबरलेला चेहरा आला. "हा गाणं म्हणतोय."

"तू कुठे बघतेस? तोंडाकडे?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"आता तोंड नको बघू. डोळे बघ."

लेकीने फोटो नाकाशी आणला. बघत राहिली, बघत राहिली. "ओह," ती म्हणाली. "ह्याला पळून जायचंय."

त्या दिवसापासून आमच्या घरात जो गोंधळ सुरू झाला तो मी सांगू शकत नाही. ती प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायला लागली. अगदी जवळ जाऊन, नाकाला नाक लागेपर्यंत. बाजारात कोळणीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तुम्हाला झोप आलीय," तर ती बाई खूष होऊन म्हणाली, "कोन सांगतं मला हे? घरात कुनी इचारत नाय," आणि मूठभर कोलंबी जास्त घातली. मुख्याध्यापिकेच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तुम्हाला मी नकोशी झालेय." मुख्याध्यापिकेने आम्हाला बोलावून घेतलं, पण सांगताना तिलाच हसू आवरेना. रिक्षात आम्ही तिघं घाबरल्याचे चेहरे करायचा खेळ खेळायचो. एकदा तिघांनी एकदम डोळे वटारले आणि आरशात बघणाऱ्या रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला. "क्या हुआ? क्या हुआ?" लेक पुढे वाकली. "हे बघ, बाबा! खरा!" ती आनंदाने ओरडली. "हे खरे घाबरलेत!"

याला आता दोन वर्षं होत आली. ती आठ वर्षांची आहे. डॉक्टरांकडे आता तीन महिन्यांनी जातो. त्यांनी अजून कसलंही नाव लिहून दिलेलं नाही आणि मीही मागायचं सोडलंय. ती अजून खोटं बोलते, पण आता पाचात एखादं. उंच जागी चढते. मध्ये वर्गातल्या एका मुलाला तिने पटवून दिलं की त्याला दत्तक घेतलंय, आणि ते निस्तरायला आम्हाला त्याच्या आई-वडिलांकडे दोनदा जावं लागलं. कधी कधी ती एखाद्या गोष्टीकडे अशा थंड नजरेने बघते की माझा हात आपोआप जुनी वही शोधायला लागतो. तो शोधणार. माझा स्वभावच तसा आहे.

गेल्या महिन्यात गिरीजला फेस्त होतं, म्हणजे चर्चची जत्रा. लॅबमधल्या बाईंनी हट्टाने बोलावलं होतं. संध्याकाळी सहाची वेळ, चर्चच्या पटांगणाबाहेर दुकानं, बँड, तळणाचा वास, आणि मधोमध आकाशपाळणा. मला उंचीची भयंकर भीती वाटते, हे मी लेकीला कधीच सांगितलं नव्हतं. बापाने काय काय सांगायचं! तिने हात ओढला आणि मी बसलो. पहिल्या फेरीला मी हसत होतो. दुसऱ्या फेरीला वेग वाढला, पोट वर राहिलं आणि मी खाली आलो, खालचे दिवे, केळीच्या वाड्या, चर्चचा मनोरा सगळं एकमेकांत मिसळलं. मी दांडी धरून दात विचकले होते. कुणालाही वाटलं असतं मला मज्जा येतेय.

लेकीने माझ्याकडे वळून पाहिलं. मान तिरकी केली, आणि माझ्या डोळ्यांत बघितलं.

"बाबा, तू घाबरलायस."

"छे."

"तू घाबरलायस!" मग तिने पाळण्याबाहेर वाकून असा आवाज लावला की बँड थांबला की काय असं मला वाटलं. "ओ काका! पाळणा थांबवा! माझा बाबा घाबरलाय! खरं खरं घाबरलाय!"

अख्खं फेस्त वर बघायला लागलं. पाळणेवाल्याने ताबडतोब ब्रेक मारला आणि आम्ही नेमके सगळ्यात वर लटकत राहिलो. पाळणा पुढे-मागे झोके खायला लागला. खाली बायको आणि लॅबच्या बाई एकमेकींना धरून हसत होत्या हे मला तेवढ्या उंचीवरूनही दिसलं. मी डोळे गच्च मिटले. एक छोटा, चिकट, तळलेल्या बॉबी खाऊन मिठाळलेला हात माझ्या हातावर आला.

"खाली बघू नको," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ. श्वास आधी आत घे."

मी घेतला. तिने हे मायेने केलं, की शिकल्यामुळे केलं, की नुसतं तिला माझा चेहरा बरोबर ओळखता आला याच्या आनंदात केलं, मला माहीत नाही. त्या क्षणी मला ते विचारायचंही नव्हतं. मला फक्त उतरायचं होतं.

पाळणा हळूहळू खाली आला. मी उतरलो ते थेट एका चणेवालीच्या बाकड्यावर जाऊन डोकं गुडघ्यांत घालून बसलो. तिने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. लेक मात्र जागची उठलीच नव्हती. तिला अजून एक फेरी हवी होती. बायको पदर खोचून तिच्या शेजारी जाऊन बसली, पाळणा सुरू झाला, आणि वर जाता जाता त्या दोघींनी मिळून अशी किंचाळायला सुरुवात केली की चणेवालीने कानांवर हात ठेवले.